किल्ल्याला वेढा, साहेबांना घेराव

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना बेळगावचा किल्ला दाखवायला न्यायचं आहे, त्याचं चार पानी माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याबद्दल मी लिहिलं, ‘इंग्रजांनी किल्ल्याला वेढा टाकला.’ मुख्याध्यापकांनी ‘वेढा’ खोडून ‘घेराव’ केलं. म्हणाले, “घेराव लिहा की बाई, पोरांना पेपरातनं ठाऊक असतंय.” एक सहकारी तर सगळ्यांसमोर म्हणाले, “बाईंचं शिक्षण कन्नडात झालंय, त्या मुत्तिगेचं भाषांतर करतात.” (मुत्तिगे म्हणजे कन्नडमधला वेढा.) माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालं हे खरं आहे, पण घरची भाषा मराठीच. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये चार ओळी लिहायच्या म्हटल्या तरी हात आखडतो. नेमका शब्द कोणता? घातला, टाकला, दिला, पडला यांतलं काय बरोबर? आणि सरांना हे सांगावं कसं?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

शब्द तुमचाच बरोबर आहे. किल्ल्याला वेढाच पडतो. फक्त ‘टाकला’च्या जागी ‘घातला’ करा आणि पत्रक छापायला द्या. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण हा शब्द मुलांना नीट समजला तर किल्ला बघताना त्यांच्या डोळ्यांना पुष्कळ जास्त दिसेल. शिवाय तुमचा आखडलेला हात मोकळा होणं मला त्या शब्दापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

वेढा हा मुळात लढाईचा शब्द नाही. संस्कृतातल्या ‘वेष्ट’पासून तो आला, म्हणजे गुंडाळणं. वटपौर्णिमेला बायका वडाला सुताचे वेढे देतात. दोरी खांबाला बांधताना आपण म्हणतो, आणखी एक वेढा दे. बोटात घालायच्या साध्या वळ्याला वेढं म्हणतात. सगळीकडे कल्पना एकच : एखाद्या वस्तूभोवती पूर्ण फिरून येणं, मध्ये फट न ठेवता. सैन्याच्या बाबतीतही हेच. तीन बाजूंनी फौज आहे आणि चौथी बाजू उघडी आहे, तर तो वेढा कच्चा.

पण नुसतं भोवती उभं राहिलं म्हणजे वेढा झाला असं नाही. वेढ्याचा जीव थांबण्यात असतो. आत धान्य जाऊ द्यायचं नाही, जनावरांना वैरण जाऊ द्यायची नाही, दारूगोळा जाऊ द्यायचा नाही, निरोप जाऊ द्यायचा नाही. बाहेर राहुट्या ठोकायच्या, चौक्या बसवायच्या आणि आतल्यांची रसद संपायची वाट बघायची. जोडीला तोफांचे मोर्चे लावायचे, जमलं तर तटाखाली सुरुंग न्यायचा. वेढ्यात दिवस मोजावे लागतात. म्हणून ‘वेढा’ लिहिलात की पुढच्याच वाक्यात तो किती दिवस चालला हे आलं पाहिजे. मुलं ते विचारतीलच.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. १८१८ साली पुणं पडलं होतं, दुसरा बाजीराव पळत होता, आणि कृष्णेच्या दक्षिणेकडचे पेशव्यांचे किल्ले घ्यायचं काम जनरल टॉमस मन्रोकडे होतं. फेब्रुवारीत त्यानं बदामी घेतली. तिथं तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि त्याच्या लोकांनी आत धाव घेतली. बदामीबद्दल लिहायचं तर शब्द ‘हल्ला’. हल्ला चढवून घेतली. मग तोच मन्रो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बेळगावपुढे आला. इथं किल्ला सपाटीवर, भोवती रुंद खोल खंदक, आत पेशव्यांची शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज. त्यानं मोर्चे लावले, तटावर मारा सुरू ठेवला आणि सुमारे तीन आठवडे बसून राहिला. १० एप्रिलला किल्लेदारानं किल्ला खाली करून दिला. सोडवायला कोणी येणारच नव्हतं. खुद्द बाजीरावच जूनमध्ये इंग्रजांना शरण गेला. एकच सेनापती, एकच मोहीम, मध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर. पण बदामीला हल्ला आणि बेळगावला वेढा. मुलांना ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचायला द्या, फरक न सांगता कळेल.

‘किल्ला खाली करून दिला’ हा वाक्प्रचार जमलं तर पत्रकात ठेवाच. ‘शरणागती पत्करली’ हे बरोबरच आहे, पण ते कुठल्याही लढाईला लावता येतं. ‘खाली करून दिला’ म्हटलं की दरवाजा उघडून शिबंदी सामानसुमानासकट बाहेर पडते आहे, हे दिसतं. दुर्गामंदिराजवळच्या दरवाज्यात मुलांना उभं करून हे वाक्य वाचून दाखवा.

आणि याच किल्ल्याला हा पहिला वेढा नव्हे. १४७३च्या सुमारास बहमनी सुलतान आणि त्याचा वजीर महमूद गवान यांनी बेळगावला वेढा घातला होता. तटाखाली सुरुंग लावल्याची नोंद त्या वेढ्याच्या हकिकतीत आहे. एक ओळ पुरे, पण ती असू द्या. खंदक एवढा खोल का, हे मुलांना त्यातून समजेल.

आता क्रियापदं. मला वाटतं तुमचा खरा अडथळा इथंच आहे, आणि मराठीची खरी श्रीमंतीही इथंच.

वेढा ‘घातला’ हे सर्वांत रुळलेलं. ‘दिला’ जुन्या लेखनात भरपूर सापडतं, ‘पन्हाळ्यास वेढा दिला’ असं. तेही शुद्ध, फक्त आज थोडं जुन्या वळणाचं वाटतं. ‘टाकला’ला मी चूक म्हणणार नाही, पण ‘घातला’ जिभेवर बसलेलं आहे. घालणाऱ्याकडून बघितलं तर वेढा घातला. आतल्यांकडून बघितलं तर वेढा पडला. ‘मन्रोनं बेळगावला वेढा घातला’ या वाक्यात आपण मन्रोच्या तंबूत असतो. ‘मार्चमध्ये बेळगावला वेढा पडला’ म्हटलं की आपण तटाच्या आत येतो. सहलीला आलेली मुलं तर तटाच्या आतच उभी असणार. म्हणून पत्रकाची सुरुवात ‘पडला’नं करावी असं माझं मत.

हे आत-बाहेरचं भान ठेवायला आपल्याच भागात एक फार चांगलं उदाहरण आहे. १६७८ साली दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेनं बैलहोंगलजवळच्या बेलवडीच्या गढीला वेढा घातला. आत होती देसाईण मल्लम्मा. मराठी साधनांत तिचं नाव सावित्रीबाई असं येतं. तिनं सत्तावीस दिवस गढी भांडवली. ‘गड भांडवणं’ म्हणजे आतून लढवत ठेवणं, टिकवणं. हा शब्द बखरींतला आहे आणि तो आपण विसरत चाललो याचं मला मनापासून वाईट वाटतं. या गोष्टीत वेढा घालणारे मराठे आहेत आणि वेढा पडला आहे तो कन्नड देसायणीच्या गढीला. तुमच्या वर्गात दोन्ही घरांतली मुलं असतील. दोघांनाही या वाक्यात उभं राहायला जागा मिळते. मल्लम्मेला कमी लेखायची गरज नाही आणि महाराजांच्या फौजेचं नाव लपवायचीही नाही.

वेढा पडल्यावर त्याचं पुढं काय होतं, त्यासाठीही मराठीत वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि इथं शाळेतल्या निबंधांत हमखास गोंधळ होतो. पन्हाळा घ्या. १६६०च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा होता. ऐन पावसाळ्यातही जौहर हलला नाही, म्हणजे वेढा ‘आवळलेला’ राहिला. नेताजी पालकरांनी बाहेरून तो ‘फोडायचा’ प्रयत्न केला, पण फुटला नाही. मग महाराजांनी तहाची बोलणी लावली, तेव्हा पहारे सुस्तावले, म्हणजे वेढा ‘ढिला पडला’. आणि जुलैच्या त्या पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून ‘निसटले’. मुलं लिहितात, ‘महाराजांनी पन्हाळ्याचा वेढा फोडला.’ नाही फोडला. ते निसटले, आणि वेढा त्यांच्या मागं पन्हाळ्याभोवती तसाच राहिला. फोडला तो विशाळगडाचा. त्या गडाखाली सुर्वे आणि दळवी मोर्चे लावून बसले होते. बाजीप्रभू खिंडीत लढत असताना महाराजांनी ती फळी लढून फोडली आणि गड गाठला. एका रात्रीत आणि एका दिवसात दोन वेढे, एकातून निसटणं आणि दुसरा फोडणं. क्रियापद चुकलं तर महाराजांची युक्तीही हरवते आणि विशाळगडाखालची झुंजही.

शेवटी वेढा ‘उठतो’. घालणाराच कंटाळून, पावसाला भिऊन किंवा दुसरीकडे संकट आल्यामुळे निघून गेला, तर त्यानं वेढा ‘उठवला’. जिंजीचा वेढा मोगलांनी सात-आठ वर्षं चालवला, मध्ये ढिला पडला, पुन्हा आवळला, आणि १६९८ साली किल्ला पडला. पण राजाराम महाराज त्याआधीच निसटले होते. पुन्हा तेच क्रियापद.

राणी चन्नम्माच्या कित्तूरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. पण पुढचं पत्रक बहुधा तिथलंच असेल, म्हणून सांगून ठेवते. २३ ऑक्टोबर १८२४च्या प्रसंगाला वेढा म्हणू नका. धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे तोफा घेऊन दरवाज्यावर आला, दरवाजा उघडायची धमकी दिली, आणि दरवाजा उघडला तो आतली फौज त्याच्यावर तुटून पडण्यासाठी. थॅकरे मारला गेला. थांबणं नाही, रसद तोडणं नाही. ती लढाई. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ल्याभोवती बसले, तोफा डागल्या आणि ५ डिसेंबरला किल्ला घेतला. तो वेढा, दिवस थोडे असले तरी.

आणखी एक भेद आहे. वेढा जागेला पडतो : किल्ला, गढी, शहर, ठाणं. उघड्या मैदानावरच्या फौजेला चहूबाजूंनी अडवलं तर तिची ‘कोंडी’ झाली असं म्हणणं जास्त नेमकं. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाची कोंडी केली, त्याचं पाणी आणि रसद तोडली, आणि मोठी लढाई न होता निजाम तहाला आला. पानिपतावर अब्दालीनं आपल्या फौजेची केली तीही कोंडी. या दोन्ही ठिकाणी ‘वेढा’ लिहिलेलं सापडेल, त्यावरून कुणाशी भांडू नका. आपण लिहिताना मात्र ‘कोंडी’ लिहावं, कारण वेढा म्हटलं की वाचणारा तट आणि दरवाजा शोधू लागतो.

आता घेराव. सरांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. घेर, घेरणं, घेरा हे शब्द जुने आहेत. ‘शत्रूनं घेरलं’ हे वाक्य कुणालाही खटकत नाही. पण ‘घेराव’ हा शब्द आज आपण ज्या अर्थानं वाचतो तो आंदोलनातून आला आहे. १९६७ साली पश्चिम बंगालमध्ये संयुक्त आघाडीचं सरकार आलं, आणि कारखान्यांतल्या कामगारांनी व्यवस्थापकांना त्यांच्याच खोलीत तासन् तास अडवून ठेवायला सुरुवात केली. ते प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथून हा शब्द देशभर पसरला आणि इंग्रजी कोशांतही गेला. घेराव माणसाला घालतात : तहसीलदारांना, मुख्याधिकाऱ्यांना, वीज कंपनीच्या अभियंत्यांना. घालणाऱ्यांच्या हातात निवेदन असतं आणि त्यांना सही किंवा आश्वासन हवं असतं. संध्याकाळपर्यंत पोलीस येतात किंवा साहेब कबूल होतात, आणि लोक घरी जातात. मन्रोला किल्लेदाराचं आश्वासन नको होतं, त्याला किल्ला हवा होता. ‘इंग्रजांनी किल्ल्याला घेराव घातला’ हे वाक्य वाचून सातवीचं पोर डोळ्यांपुढे काय आणेल, याचा सरांनी एकदा विचार करावा. पेपरात रोज वाचलेलं दृश्यच त्याला दिसणार, आणि ते १८१८चं नसेल.

लढाईतून आंदोलनात गेलेला शब्द बघायचा तर ‘मोर्चा’ बघा. मघाशी मी लिहिलं, मन्रोनं मोर्चे लावले. तो मोर्चा म्हणजे तोफ आणि माणसं आडोशाला बसवायची जागा. आज आपल्या बेळगावात मोर्चा म्हटलं की झेंडे, घोषणा आणि कलेक्टर कचेरीकडे निघालेली माणसं. सातवीच्या मुलांना ‘मोर्चे लावले’ वाचून बुचकळ्यात पडायला होईल, म्हणून तिथं ‘तोफा मोर्च्यावर बसवल्या’ असं लिहा. ‘मोर्चेबांधणी’ मात्र दोन्हीकडे चालते, निवडणुकीतही.

मुत्तिगेची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. कन्नडमध्ये ‘कोटेगे मुत्तिगे हाकिदरु’ म्हणतात, म्हणजे किल्ल्याला वेढा घातला. विभक्ती तीच, रचना तीच. आणि ‘हाकु’ या क्रियापदात आपलं ‘घालणं’ आणि ‘टाकणं’ दोन्ही सामावतात. तुमच्या लेखणीतून ‘टाकला’ उतरलं ते बहुधा या वाटेनं. एवढीच काय ती कन्नडची छाया तुमच्या वाक्यावर आहे. बाकी तुम्ही ज्या शब्दापाशी पोहोचलात तो अस्सल मराठी शब्द आहे. कन्नड वर्तमानपत्रं मात्र मुत्तिगे हाच शब्द आंदोलनालाही वापरतात. बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीत, हिवाळी अधिवेशन आलं की ‘सुवर्णसौधला मुत्तिगे’ अशा ठळक बातम्या असतात. कन्नडमध्ये एका शब्दावर भागतं, तिथं मराठीत दोन शब्द लागतात : सौधाला ‘घेराव’, किल्ल्याला ‘वेढा’. उलटपक्षी, तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं खरं असतं, तुम्ही मुत्तिगेचं आंधळं भाषांतर करत असता, तर ‘वेढा’ आणि ‘घेराव’ यांत तुम्हाला फरकच वाटला नसता. तो फरक तुम्हाला खटकला म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

तेव्हा ताई, ‘कन्नड माध्यम’ हे शब्द कुणी टोमण्यासारखे तुमच्याकडे फेकले, तर ते टोमणा म्हणून घेऊ नका. “होय, माझं शिक्षण कन्नडात झालंय,” इतकंच म्हणा आणि पुढचं वाक्य लिहा. खुलासा नको, सबब नको. आपल्या भागात एका घरात तीन भाषा असतात. आजी कन्नडमध्ये ओवी म्हणते, सून मराठीत भाजीचा भाव करते, पोरं बसमध्ये हिंदी बोलतात. अण्णा आणि अक्का या हाका आपण मराठीत कधी मोजल्या नाहीत, अडकित्त्याला कुणी परका म्हणत नाही. सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या मराठीला दोन कान असतात. एखादा शब्द दोन्हीकडे वाजवून बघायची सोय तुम्हाला आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ती नाही.

त्या सहकाऱ्यांशी एकदाच बोला, आणि एकट्यात. सगळ्यांसमोर बोललं गेलं ते सगळ्यांसमोर परत करायचा मोह होतो. तसं केलंत तर पत्रक बाजूला राहील आणि वर्षभर दोन गट होतील. मधल्या सुट्टीत म्हणा, “सर, त्या दिवशी मला लागलं. शब्द चुकला तर तुम्ही जरूर सांगा, पण माझ्या शाळेवरून नको.” बस्स. ते माफी मागतील किंवा मागणार नाहीत. तुमचं बोलून झालेलं असेल.

सरांचं वेगळं आहे. त्यांना तुमचा पाणउतारा करायचा नव्हता. मुलांना कळावं ही त्यांची काळजी होती, आणि मुख्याध्यापकाला ती असायलाच हवी. म्हणून त्यांच्याकडे शब्दकोश घेऊन जाऊ नका. कोशापुढे माणूस गप्प होतो, पण त्याला पटलेलं नसतं. दोन वाक्यं एका कागदावर लिहून न्या. एकात घेराव, एकात वेढा. विचारा, “सर, सातवीतल्या एखाद्याला बोलावून दोन्ही वाचायला देऊ या का? काय समजलं ते तोच सांगेल.” मूल काय सांगेल याची मला खात्री आहे. सरांनाही आपला शब्द मागं घ्यावा लागला असं वाटणार नाही, कारण निवाडा ज्या पोरांची त्यांना काळजी, त्यांनीच केलेला असेल.

आणि ‘पोरांना वेढा कळत नाही’ हे मला तितकंसं पटत नाही. २०१९च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. चिकोडी, अथणी, रायबागकडच्या कितीतरी गावांबद्दल आपण काय म्हणत होतो? गावाला पाण्याचा वेढा पडलाय. रस्ता बंद, दूध येत नाही, गोठ्यात वैरण संपत आली, औषध आणायचं तर होडी. पाणी कधी ओसरतंय याची वाट बघण्यापलीकडे हातात काही नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांनी हे घरी ऐकलंय, काहींचे मामा-मावश्या त्या गावांतल्या असतील. किल्ल्याच्या तटावर उभं करून त्यांना एवढंच सांगा, की खंदकाच्या पलीकडे पाण्याऐवजी फौज होती. मग विचारा, आत तुम्ही असता तर पहिल्या दिवशी काय मोजलं असतं? कुणी धान्य म्हणेल, कुणी पाणी, कुणी माणसं. एखादं पोर दिवस म्हणेल, त्याला जवळ बोलावून पुढचं सांगा.

पत्रकातला तो भाग मी असा लिहिला असता. हवा तर घ्या, हवा तसा बदला :

‘मार्च १८१८मध्ये बेळगावच्या किल्ल्याला वेढा पडला. इंग्रज सेनापती टॉमस मन्रो यानं खंदकापलीकडे तोफा बसवल्या आणि किल्ल्याची रसद तोडली. आत पेशव्यांची शिबंदी होती. सुमारे तीन आठवडे त्यांनी किल्ला भांडवला. बाहेरून मदत येण्याची आशा उरली नाही, तेव्हा १० एप्रिलला किल्लेदारानं किल्ला खाली करून दिला.’

खाली बारीक अक्षरात तीन शब्दांचे अर्थ द्या : रसद, शिबंदी, भांडवणं. वेढ्याचा अर्थ द्यायची गरज नाही, तो मजकुरातूनच कळतो. लिहिताना ‘वेढात’ नको, ‘वेढ्यात’ हवं. ‘वेढ्याचा’, ‘वेढ्यानं’, अनेकवचनही ‘वेढे’.

पत्रकाची मागची बाजू कोरी राहत असेल तर तिथं हाच मजकूर कन्नडमध्ये छापा. शेजारच्या कन्नड शाळेची मुलंही त्याच किल्ल्यात येतात. त्यात ‘मुत्तिगे’ निःसंकोच लिहा, आणि तो मजकूर तुम्हीच लिहा. तुमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही बाजू एका हातानं लिहू शकेल असं तुमच्याशिवाय आणखी कोण आहे?